इंग्रजी वाक्प्रचारांचे स्लोव्हाक भाषांतर : कोशातील जोडी आणि वाक्यातील जागा

विषयप्रवेश

भाषांतराच्या अध्यापनात वाक्प्रचार हा घटक बहुधा सत्राच्या शेवटी येतो आणि घाईने संपतो. इंग्रजी वाक्प्रचारांची एक यादी, तिच्यासमोर मराठी वाक्प्रचारांची दुसरी यादी आणि दोहोंच्या मध्ये एक उभी रेघ, एवढ्यावर आपले काम भागते. प्रस्तुत लेखात या उभ्या रेघेविषयी काही प्रश्न उपस्थित करावयाचे आहेत. मात्र त्यासाठी मराठीऐवजी स्लोव्हाक या मध्य युरोपातील भाषेचे उदाहरण घेतले आहे.

या निवडीमागचे कारण सांगणे आवश्यक आहे. एम. फिल.च्या निमित्ताने भाषांतरमीमांसेचे वाचन करीत असताना सुसान बासनेट यांच्या 'ट्रान्स्लेशन स्टडीज' (१९८०) या ग्रंथात आंतोन पोपोविच (१९३३–१९८४) या स्लोव्हाक अभ्यासकाचे नाव भेटले. सममूल्यतेचे प्रकार शिकविताना आपण सर्वच जण हे नाव फळ्यावर लिहितो. पण पोपोविच ज्या भाषेत विचार करीत होते, त्या भाषेला इंग्रजीशी झुंजताना नेमक्या कोणत्या अडचणी येतात, हे पाहण्याची उत्सुकता आपल्याकडे फारशी दिसत नाही. परक्या भाषेची उदाहरणे पाहण्यात आणखी एक लाभ आहे. स्वतःच्या भाषेतील वाक्प्रचार इतके अंगवळणी पडलेले असतात की त्यांतील चित्र आपल्याला दिसतच नाही; परक्या भाषेत ते प्रथम दिसते आणि अर्थ मागाहून येतो.

प्रस्तुत लेखकाचे स्लोव्हाकचे ज्ञान कोश आणि व्याकरण यांच्या आधाराने मिळविलेले, वाचनापुरते आहे, हे प्रारंभीच नमूद करतो. स्लोव्हाक शब्द उच्चाराच्या जवळ जाणाऱ्या देवनागरी रूपात दिले आहेत. त्यांतील 'झ' बहुतेक ठिकाणी 'झाड' या शब्दातल्याप्रमाणे वाचावा.

भाषेची पार्श्वभूमी

स्लोव्हाक ही पश्चिम स्लाव्ह शाखेतील भाषा. चेक आणि पोलिश या तिच्या निकटच्या भगिनी. स्लोव्हाकियाची लोकसंख्या सुमारे चोपन्न लाख, म्हणजे आपल्या पुण्यासारख्या एका जिल्ह्यापेक्षाही कमी. सुमारे हजार वर्षे हा प्रदेश हंगेरीच्या राज्याचा भाग होता. १९१८ मध्ये तो चेकोस्लोव्हाकियात आला आणि १ जानेवारी १९९३ रोजी स्वतंत्र राष्ट्र झाला. १ मे २००४ रोजी देश युरोपीय संघात दाखल झाला, तेव्हा स्लोव्हाक ही त्या संघाची अधिकृत भाषा बनली आणि इंग्रजीतून होणाऱ्या भाषांतराचा ओघ एकदम वाढला.

प्रमाण लेखनभाषा म्हणून या भाषेचे वय फार नाही. आंतोन बेर्नोलाक या कॅथलिक धर्मगुरूंनी १७८७ मध्ये पश्चिम स्लोव्हाकियातील बोलीच्या आधारे तिला नियमबद्ध करण्याचा पहिला प्रयत्न केला. आज रूढ असलेल्या भाषेचा पाया मात्र ल्युदोवित श्तूर यांनी १८४३ मध्ये मध्य स्लोव्हाकियातील बोली स्वीकारून घातला. त्यापूर्वी प्रॉटेस्टंट स्लोव्हाक समाजात लेखनासाठी चेकचाच वापर होत असे. त्यामुळे 'आमची भाषा चेकची बोली नव्हे' हे सिद्ध करण्याची जबाबदारी या भाषेवर सतत राहिली आणि त्या सिद्धतेचा पुरावा लोकांच्या तोंडच्या म्हणी व वाक्प्रचारांत शोधला गेला. आदोल्फ पेतेर झातुरेत्स्की या ल्यूथरपंथी धर्मगुरूंनी स्लोव्हाक म्हणी आणि वाक्प्रचारांचा हजारो नोंदींचा संग्रह सिद्ध केला. तो १८९६ मध्ये प्रागमध्ये प्रसिद्ध झाला, तोही चेक शीर्षकाखाली! पुढे तीनच वर्षांनी, १८९९ मध्ये, रेव्हरंड मॅनवेअरिंग यांचा मराठी म्हणींचा संग्रह ऑक्सफर्डहून निघाला. दोन्ही संग्राहक धर्मोपदेशक. पण एकाने स्वभाषेचे धन मोजून ठेवले आणि दुसऱ्याने ते परक्यांना समजावे म्हणून इंग्रजीत उतरविले. झातुरेत्स्कींचा संग्रह आजही स्लोव्हाक भाषांतरकाराच्या हाताशी असावा असा आहे. तो केव्हा मिटून ठेवावा, हा या लेखाचा खरा प्रश्न आहे.

कोशातील जोड्या

प्रतिशब्द मिळत नाही ही अडचण इंग्रजी–स्लोव्हाक व्यवहारात तुलनेने कमी जाणवते. दोन्ही भाषांवर बायबल, लॅटिन शिक्षण आणि युरोपीय लोककथा यांचे समान संस्कार आहेत. 'भिंतींना कान असतात', 'चर्चमधल्या उंदरासारखा दरिद्री', 'मगरीचे अश्रू' हे प्रयोग दोन्हीकडे जसेच्या तसे आहेत. अनेकदा अर्थ तोच राहतो आणि केवळ चित्र बदलते. इंग्रज एका दगडात दोन पक्षी मारतो, तर स्लोव्हाक माणूस एका फटक्यात दोन माश्या मारतो : 'झाबित्य द्वे मुखि येद्नोउ रानोउ'. (येथील 'द्वे' हे रूप संस्कृतच्या अभ्यासकांना ओळखीचे वाटेल. स्लोव्हाकमध्ये 'माशी' स्त्रीलिंगी आहे आणि संस्कृतमध्येही स्त्रीलिंगी द्विवचनी 'द्वे' हेच रूप येते.) इंग्रज न पाहता पोत्यातले डुक्कर विकत घेतो, स्लोव्हाक पोत्यातले मांजर. इंग्रज न्यूकॅसलला कोळसा नेतो, स्लोव्हाक जंगलात लाकूड नेतो. मुद्द्याला बगल देणारा इंग्रज झुडपाभोवती काठी आपटीत हिंडतो, स्लोव्हाक मांजराप्रमाणे गरम लापशीभोवती घिरट्या घालतो. बासनेट यांच्या ग्रंथात याच अर्थाचा इटालियन वाक्प्रचार चर्चिला आहे. त्यात माणूस कुत्र्याला खळ्याभोवती फिरवीत असतो. मुसळधार पावसात इंग्रजी आभाळातून मांजरे आणि कुत्री पडतात, स्लोव्हाक आभाळातून झारीने ओतल्यासारखे पाणी येते : 'लेये आको स् क्र्हलि'. चेक भाषेत अशा वेळी एकचाकी हातगाड्या पडतात. पण ते चित्र स्लोव्हाक मजकुरात आले की जाणकार वाचक नाक मुरडतो, कारण शेजारणीचा दागिना लगेच ओळखू येतो.

येथवर यादीचे काम चोख चालते. मोना बेकर यांनी 'इन अदर वर्ड्स' (१९९२) मध्ये सांगितलेल्या मार्गांपैकी पहिले दोन, म्हणजे समान अर्थ–समान रूप आणि समान अर्थ–भिन्न रूप, वरील सर्व उदाहरणांना पुरतात. अडचण येते ती यादीतील जोडी वाक्यात बसवताना.

ग्रीक की स्पॅनिश?

'इट्स ऑल ग्रीक टू मी' या इंग्रजी वाक्प्रचाराला स्लोव्हाकमध्ये अत्यंत रूढ प्रतिशब्द आहे : 'ही माझ्यासाठी स्पॅनिश खेडे आहे' – 'श्पानिएल्स्का द्येद्यिना'. अनाकलनीय गोष्टीसाठी स्पेनमधले खेडे! गंमत अशी की जर्मन माणूस त्याच अर्थाने बोहेमियातील, म्हणजे चेक प्रदेशातील, खेड्यांचे नाव घेतो. प्रत्येक समाजाला कोणाची तरी खेडी दुर्बोध वाटतात. मराठीत आपण 'ओ की ठो कळले नाही' म्हणतो आणि कोणत्याही शेजाऱ्याला त्यात ओढत नाही.

ही जोडी कोणत्याही कोशात निर्धास्तपणे छापता येईल. आता शेक्सपिअरच्या 'ज्यूलियस सीझर' नाटकातील पहिल्या अंकाचा दुसरा प्रवेश आठवावा. सीझरने मुकुट नाकारल्याचा प्रसंग कास्का सांगत आहे. सिसेरो काही बोलला का, असे कॅशिअस विचारतो. सिसेरो बोलला, पण ग्रीकमध्ये बोलला, असे कास्का सांगतो. ज्यांना कळले ते एकमेकांकडे पाहून हसले. आपल्याला मात्र ते ग्रीकच होते, असा त्याच्या उत्तराचा रोख आहे. येथे वाक्प्रचार शब्दशः खरा आहे. सिसेरो खरोखर ग्रीक बोलत होता. कास्काच्या तोंडच्या विनोदाची आणि त्याच्या आडमुठ्या स्वभावाची सारी मदार या दुहेरी अर्थावर आहे. या ठिकाणी स्लोव्हाक भाषांतरकाराने 'स्पॅनिश खेडे' घातले तर तो कोशानुसार अचूक ठरेल आणि नाटकानुसार चुकेल. ग्रीक भाषेला या वाक्यातून हलविता येत नाही. वाक्प्रचार मोडला तरी चालेल, 'मला ते ग्रीक ते ग्रीकच राहिले' असे काही रचले तरी चालेल, पण ग्रीक राहिले पाहिजे.

हे मला सुचले ते शहाणपणाने नव्हे, चुकीतून. काही वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाच्या एका उत्तरपत्रिकेत विद्यार्थिनीने या वाक्याचे भाषांतर 'मला त्यातले ओ की ठो कळले नाही' असे केले होते. मी पूर्ण गुण दिले आणि वर्गात त्या उत्तराचे कौतुकही केले. दुसऱ्या एका विद्यार्थ्याने 'माझ्या लेखी ते ग्रीक भाषेतच राहिले' असे ओबडधोबड लिहिले होते. त्याला शब्दशः भाषांतराचा शेरा मारून निम्मे गुण दिले. स्लोव्हाक 'स्पॅनिश खेड्या'च्या संदर्भात हा प्रवेश पुन्हा वाचताना लक्षात आले की नाटक त्या दुसऱ्या मुलाने वाचले होते आणि मी यादी वाचली होती.

असे प्रसंग साहित्यात विरळ नाहीत. लुईस कॅरल यांच्या 'अ‍ॅलिस'मध्ये (१८६५) इंग्रजी वाक्प्रचारच पात्रे होऊन वावरतात. चेशायरच्या मांजराप्रमाणे हसणे आणि टोपीवाल्यासारखे खुळे असणे हे प्रयोग आधी भाषेत होते, मग ते कथेत येऊन बसले. तेथे प्रतिशब्दाने काहीच साधत नाही. भाषांतरकाराला आपल्या भाषेतून नवे पात्र घडवावे लागते.

याच्या उलट अडचण 'हॅम्लेट'मध्ये आहे. प्रसिद्ध स्वगतातील 'रब' हा शब्द मुळात चेंडू घरंगळवण्याच्या एका खेळातला. खेळपट्टीवरच्या अडथळ्याला तो वापरीत. आज इंग्रजीत तो 'खरी मेख' या अर्थाचा वाक्प्रचार झाला आहे. स्लोव्हाकमध्ये याच अर्थाने 'येथे कुत्रा पुरला आहे' असे म्हणतात : 'फ् तोम ये पेस झाकोपानी'. आपल्याकडे 'इथेच तर घोडे पेंड खाते'. अर्थाच्या दृष्टीने तिन्ही जोड्या निर्दोष आहेत. पण मरणाचा विचार करणाऱ्या राजपुत्राच्या तोंडी पुरलेला कुत्रा आला, किंवा पेंड खाणारे घोडे आले, तर प्रेक्षागृहात काय होईल हे सांगावयास नको. तेथे चित्र सोडून साधा शब्द वापरणे हेच इष्ट. पोपोविच ज्याला अभिव्यक्तीचे स्थलांतर म्हणत, ते येथे उपयोगी पडते. मूळ आणि भाषांतर यांच्यात फरक पडणार हे त्यांनी गृहीत धरले होते. ज्या फरकामुळे मूळ कृतीची शैली जपली जाते, तो फरक त्यांच्या लेखी दोष नव्हता. एका ठिकाणी गमावलेले चित्र भाषांतरकार दुसऱ्या ठिकाणी, जेथे मुळात साधे वाक्य आहे तेथे, वाक्प्रचार योजून भरून काढू शकतो. यादीच्या पद्धतीत अशा भरपाईला जागाच नसते.

हंगेरीचे वर्ष

'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे क्वचित, फार दिवसांनी. स्लोव्हाकमध्ये यासाठी एक अस्सल देशी प्रयोग आहे : 'राझ झा उहोर्स्की रोक', शब्दशः 'हंगेरीच्या वर्षात एकदा'. येथील 'उहोर्स्की' हे विशेषण आजच्या हंगेरी देशाचे नाही. आजच्या देशासाठी स्लोव्हाकमध्ये वेगळा शब्द आहे. 'उहोर्स्को' म्हणजे १९१८ पूर्वीचे ते जुने, बहुभाषिक राज्य, ज्यात स्लोव्हाक लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले. इंग्रजीत दोहोंना एकच नाव असल्यामुळे हा भेद इंग्रजीत सांगताही येत नाही. बुडालेल्या राज्याचे वर्ष कधी पुरे होत नाही, असा काहीसा भाव आजच्या वाचकाला त्यात जाणवत असावा.

मँचेस्टरमधील एखादे पात्र जर म्हणाले की माझा भाऊ मला 'ब्लू मून'मध्ये एकदा भेटतो, तर स्लोव्हाक भाषांतरात त्याने हंगेरीच्या वर्षाचा उल्लेख करावा काय? येथे दोन मते संभवतात. वाक्प्रचार गोठलेला असतो, वाचक त्यातील शब्द सुटे करून पाहत नाही, सबब हरकत नाही, हे पहिले. 'स्पॅनिश खेडे' कोणालाही स्पेनला नेत नाही, हे या मताच्या बाजूचे बलवान उदाहरण आहे. दुसरे मत असे की 'उहोर्स्की रोक' या प्रयोगाला अद्याप आजीच्या बोलण्याचा आणि इतिहासाचा वास आहे; तो मँचेस्टरच्या माणसाच्या तोंडी घातला की तो माणूस क्षणभर तात्रा पर्वताच्या पायथ्याशी जाऊन उभा राहतो. मला दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, पण सरसकट नव्हे. विनोदी कादंबरीत, बोलघेवड्या म्हाताऱ्या पात्राच्या तोंडी, हाच प्रयोग मुळापेक्षा सरस ठरेल. तटस्थ निवेदनात तो खटकेल. आपल्याकडे 'अठरा विश्वे दारिद्र्य' किंवा 'पेशवाई थाट' हे शब्द इंग्लंडमधील कथानकात येतात तेव्हा असाच खडा लागतो.

यातून एक विचित्र परिस्थिती उद्भवते. वाक्प्रचार जितका अस्सल देशी, तितका तो भाषांतरात वापरणे धोक्याचे. आणि जो सर्व युरोपात सारखाच आढळतो, तो बिनधोक पण फिका. ज्या भाषेने आपले स्वत्व लोकांच्या वाक्प्रचारांतून सिद्ध केले, तिच्या भाषांतरकाराने ते वाक्प्रचार टाळत राहावे, तर वाचकाच्या हाती माश्या, मांजरे आणि लापशी एवढेच उरते. उलट, प्रत्येक ठिकाणी झातुरेत्स्कींच्या संग्रहातून वेचून वाक्प्रचार पेरले, तर डिकन्सचे लंडन स्लोव्हाक गावची जत्रा होईल. याला सूत्र नाही. पात्र कोण, बोलते कोणाशी आणि त्या क्षणी वाचकाचे लक्ष कशावर असावे, हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागते.

डोक्यावरचे लोणी

चित्र सारखे आणि अर्थ वेगळा, हा प्रकार सर्वांत फसवा. इंग्रजीत कोणाचा पाय ओढणे म्हणजे त्याची थट्टा करणे. (आपल्याकडे पाय ओढणे म्हणजे प्रगतीत अडथळा आणणे, हे इंग्रजीच्या प्रत्येक अध्यापकाने सोसलेले आहे.) स्लोव्हाकमध्ये पायाऐवजी नाक ओढतात : 'त्याहात्य झा नोस'. पण त्याचा अर्थ फसविणे. थट्टेसाठी वेगळाच, नेमबाजीवरून आलेला प्रयोग आहे. अवयव बदलला की झाले, असे समजणारा भाषांतरकार मित्राच्या थट्टेला लबाडी बनवितो आणि पुढच्या पानावरचे त्यांचे हसणे वाचकाला कळेनासे होते.

मराठी वाचकासाठी याहून बोलके उदाहरण लोण्याचे आहे. स्लोव्हाकमध्ये एखाद्याच्या 'डोक्यावर लोणी आहे' असे म्हटले – 'मात्य मास्लो ना ह्लावे' – तर त्याचा अर्थ त्याच्या हातून काही तरी गैर घडलेले आहे आणि ते उघडकीस येण्याची त्याला भीती आहे. डोक्यावर लोणी घेतलेल्याने उन्हात जाऊ नये, कारण ते वितळून ओघळू लागते, अशी त्यामागची कल्पना. जर्मनमध्येही हा प्रयोग आहे. मराठीत डोके आणि लोणी एकत्र आले की आपल्या मनात येते ते 'मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणे', म्हणजे निर्दयी लोभ. शब्द जवळजवळ तेच असूनही त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. इंग्रजीतील 'कपाटातला सांगाडा' हा प्रयोग स्लोव्हाकमध्ये जसाच्या तसा रुळला आहे : 'कोस्त्लिवेत्स फ् स्क्रिनि'. लोणी घरचे असताना सांगाडा का आणला, असे वाटेल. पण दोहोंत फरक आहे. सांगाडा हे घराण्याचे जुने गुपित असते, लोणी हे त्या व्यक्तीचे स्वतःचे पाप असते. उसना वाक्प्रचार टिकला, कारण त्याने रिकामी जागा भरली.

कधी कधी मात्र दूरच्या दोन भाषा अनपेक्षितपणे जवळ येतात. इंग्रजीत एकदा चावा बसलेला माणूस दुसऱ्या वेळी बिचकतो. स्लोव्हाक म्हण सांगते की एकदा पोळलेला माणूस थंड पदार्थावरही फुंकर घालतो. आपण दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून पितो! येथे उसनवारीचा संशय घेण्याचे कारण दिसत नाही; चूल सगळीकडे सारखीच भाजते. उलट 'स्टिल वॉटर्स रन डीप' या म्हणीत इंग्रजी पाणी केवळ खोल आहे, तर स्लोव्हाक शांत पाणी काठ धुऊन नेते : 'तिखा वोदा ब्रेहि मिये'. स्लोव्हाक म्हणीत सावधगिरीचा इशारा आहे. एखाद्या अबोल माणसाचे कौतुक करणाऱ्या इंग्रजी वाक्यात ती घातली, तर कौतुकाची जागा संशय घेईल. आणि इंग्रजीत नाव काढताच सैतान येतो, स्लोव्हाकमध्ये लांडगा खळ्यामागे येऊन उभा राहतो, मराठीत मात्र आपण येणाऱ्याला शंभर वर्षे आयुष्य देऊन टाकतो. या तिन्हींत अर्थ एक आहे असे म्हणणे मला धाडसाचे वाटते.

मरणाविषयीच्या वाक्प्रचारांत शब्दाची पातळी विशेष सांभाळावी लागते. इंग्रजी बादलीला लाथ मारणे आणि स्लोव्हाक खूर ताणणे – 'ओत्र्चित्य कोपिता' – कोशात शेजारी बसतात. परंतु खूर जनावराला असतात. इंग्रजी प्रयोगात थट्टा आहे, स्लोव्हाकमध्ये थट्टेबरोबर तुच्छताही आहे. 'गचकला', 'राम म्हटला', 'निवर्तले' आणि 'कैलासवासी झाले' यांतील अंतर ज्याला कळते, त्याला हे अधिक सांगावयास नको.

रूप आणि नाद

स्लोव्हाक ही विभक्तिप्रधान भाषा आहे. नामे सहा विभक्तींत चालतात आणि क्रियापदांना पूर्णत्ववाचक व अपूर्णत्ववाचक अशी दोन रूपे असतात. त्यामुळे वाक्प्रचार निवडला तरी काम संपत नाही. इंग्रज माणूस हार मानताना टॉवेल टाकतो. स्लोव्हाक माणूस बंदूक राईच्या शेतात फेकतो : 'होद्यित्य फ्लिन्तु दो झिता'. (ही राई म्हणजे मोहरी नव्हे, गव्हासारखे धान्य.) 'फ्लिन्ता' हा शब्द आणि हे सारे चित्र जर्मनशी समान आहे. येथे 'होद्यित्य' हे पूर्णत्ववाचक रूप, एकदाच फेकून मोकळे होण्याचे. पण धीर देण्यासाठी 'हार मानू नकोस' असे म्हणावयाचे झाले की नकारार्थी आज्ञेत अपूर्णत्ववाचक रूप येते : 'न्येहाज फ्लिन्तु दो झिता'. मराठीतही 'टाकून दे' याचा नकार बहुधा 'टाकू नकोस' असा होतो, संयुक्त क्रियापदातील 'दे' गळून पडतो. शब्दकोश केवळ मूळ रूप देतो. हे बदल भाषांतरकाराने जाणून करावयाचे असतात. शिवाय इंग्रजीचा एकच 'यू' स्लोव्हाकमध्ये 'ति' होतो की 'वि', म्हणजे आपला 'तू' की 'तुम्ही', यावरही वाक्प्रचाराचे रूप अवलंबून असते.

नादाच्या बाबतीत स्लोव्हाक कधी कधी मुळाच्या पुढे जाते. इंग्रजी चिचुंदरीसारख्या प्राण्याच्या उकिरापासून डोंगर करते आणि दोन्ही शब्द 'म'ने सुरू होतात. स्लोव्हाक डासाचे गाढव करते : 'रोबित्य स् कोमारा सोमारा'. एका अक्षराच्या फरकाने डासाचे गाढव झाले, अतिशयोक्ती प्रत्यक्ष शब्दातच घडली! आपला 'राईचा पर्वत' किंवा 'पराचा कावळा' आशयाने तुल्य आहे, पण कानाला हा आनंद देत नाही. 'नो पेन, नो गेन' या यमकालाही स्लोव्हाकमध्ये यमकच मिळते, कामाशिवाय गोड पोळ्या नाहीत : 'बेझ प्रात्से निए सू कोलाचे'. अशी जोडी मिळते तेथे भाषांतरकाराने देशीपणाची भीती बाळगू नये, असे माझे मत आहे. डास आणि गाढव कोणत्याही गावचे असू शकतात.

उसन्या प्रतिमा

आज स्लोव्हाकमधील वाद देशी वाक्प्रचारांपेक्षा उसन्या प्रतिमांविषयी अधिक आहे. 'पोटात फुलपाखरे' हा प्रयोग तेथे रूढ झाला आहे, पण इंग्रजीत तो परीक्षेच्या वा रंगमंचाच्या भीतीलाही लागू पडतो, स्लोव्हाकमध्ये मुख्यतः प्रेमात पडलेल्याला. 'अ‍ॅट द एंड ऑफ द डे' याचे शब्दशः 'ना कोन्त्सि द्न्या' असे भाषांतर वृत्तमाध्यमांत आणि राजकारण्यांच्या तोंडी वारंवार येते. स्लोव्हाकमध्ये त्याचा सरळ अर्थ 'दिवस मावळताना' असाच असल्यामुळे शुद्धीचे आग्रही त्यावर टीका करतात. ही टीका मला योग्य वाटते. 'शेवटी' या अर्थाचे साधे शब्द त्या भाषेत पूर्वीच आहेत आणि या उसनवारीत चित्रही नाही. 'ग्रीन लाइट' देण्याची गोष्ट निराळी. स्लोव्हाकने त्यातला दिवा काढून टाकला आणि नुसती 'हिरवी देणे' – 'दात्य झेलेनू' – असा प्रयोग केला. मराठीने दिव्याच्या जागी रेल्वेच्या गार्डाचा कंदील आणला. दोन्ही भाषांनी उसने घेतले आणि घेताना त्यावर हात फिरविला. 'पेल्यातील वादळ' घडविताना आपण चहाच्या कपाचा पेला केला. स्लोव्हाकने त्याच वादळाला पाण्याच्या ग्लासात ठेवले, जसे युरोपातील इतर अनेक भाषांनी. 'एका दगडात दोन पक्षी' हा प्रयोग मात्र आपण जसाच्या तसा उचलला आणि आज तो इंग्रजी आहे हे बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही.

गेल्या सत्रातील अंतर्गत परीक्षेत मी वाक्प्रचारांची यादी दिली नाही. एकच वाक्प्रचार तीन वेगवेगळ्या उताऱ्यांत दिला. एक नाटकातला संवाद, एक वृत्तपत्रीय अग्रलेख आणि एक पत्र. तिन्हींचे भाषांतर करून, वाक्प्रचार कोठे ठेवला, कोठे बदलला आणि कोठे सोडला हे दोन ओळींत लिहावयास सांगितले. उत्तरे एकसारखी आली नाहीत. तपासावयास नेहमीच्या दुप्पट वेळ लागला, आणि दोन उत्तरपत्रिकांच्या गुणांविषयी माझे व सहपरीक्षकांचे अद्याप एकमत झालेले नाही.